ग्रंथालयाचें वैभव

ठाणें, कल्याण वा डोंबिवलीचा प्रवासी बोरीबंदरास उतरून कोटांत शिरला आणि हॉर्निमन सर्कलपाशीं आला, म्हणजे समोरचा टाउन हॉल पाहून त्याचें पाऊल क्षणभर थबकतें. एकावर एक चढत गेलेल्या तीस रुंद दगडी पायऱ्या, त्यांच्या माथ्यावर ग्रीक धर्तीचे भरदार डोरिक खांब, आणि त्या खांबांनीं तोलून धरलेला त्रिकोणी शिरोभाग! या वास्तूचा आराखडा कर्नल टॉमस कौपर यांचा. १८३३ सालीं ती पुरी झाली. आंत उंच छत, लांकडी जमीन, संगमरवरी पुतळे आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें. विद्येसाठीं मंदिर बांधावयाचें तर तें असेंच असावें, असें पाहणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु मंदिराचें मोठेपण केवळ कळसावरून ठरत नाहीं. गाभाऱ्यापर्यंत कोणास जातां येतें, हेंही पाहावें लागतें. सर जेम्स मॅकिंटॉश यांनीं १८०४ सालीं स्थापिलेली लिटररी सोसायटी हें या संस्थेचें मूळ. तिचे सभासद युरोपियन असत. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस १८४० सालीं प्रवेश मिळाला, तेव्हां संस्थेस छत्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ज्या देशाच्या विद्येचा अभ्यास येथें चालत होता, त्या देशाच्या माणसाला इतकी वर्षें दाराबाहेर थांबावें लागलें.

आज याच वास्तूंत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे. मुंबई इलाख्यांत लोहमार्ग व्हावा म्हणून झटणाऱ्यांत ते अग्रभागीं होते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी एकवीस मैलांवरील ठाण्यास पोंचली, आणि पुढच्याच वर्षीं मार्ग कल्याणपर्यंत गेला. या गाड्यांतून नोकरीपेशाचा सुशिक्षित वर्ग ये-जा करूं लागला. मुंबई जवळ आली, तरी रोजच्या वाचनासाठीं ग्रंथ गांवांतच हवा होता.

त्या सुमारास महाराष्ट्रांत वाचनालयांची चळवळ रुजली होती. नाशकास १८४० सालीं आणि पुण्यास १८४८ सालीं वाचनालयें निघालीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें. म्हणजे आगगाडीच्या मागून अवघ्या दहा वर्षांनीं तें आलें. अशा संस्थांना संगमरवर कोठला? परंतु त्यांच्या नांवांतला ‘सार्वजनिक’ हा शब्द टाउन हॉलच्या खांबांहून लहान नव्हता.

तरीही एक उणीव उरली. १८०५ सालीं श्रीरामपुरास कॅरे यांचें मराठी व्याकरण छापलें गेलें, आणि तेव्हांपासून मराठी छापील ग्रंथांची परंपरा वाढत गेली. प्रती थोड्या निघत, कागद पुष्कळदां हलका असे. कोंकणची दमट हवा, वाळवी आणि कसर यांपुढें असें पुस्तक किती टिकणार? १८६७ च्या कायद्यानें छापील पुस्तकांची सरकारदरबारीं नोंद होऊं लागली. परंतु नोंद म्हणजे जतन नव्हे. पुस्तकाचें नांव यादींत राहावें आणि पुस्तक मात्र कोणाच्याही हातीं लागूं नये, असा प्रसंग मराठी ग्रंथांवर ओढवूं पाहत होता.

ही हानि ओळखून ठाण्यांत विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनीं १ जून १८९३ रोजीं मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना केली. मराठी ग्रंथांसाठींच वाहिलेलें पहिलें संग्रहालय म्हणून त्याची ओळख आहे. त्या दिवशीं भावे यांस बाविसावें वर्ष चालू होतें. त्यांचा व्यवसाय मिठाचा. पदरीं ना राजाश्रय, ना विद्यापीठाचें अधिकारपद. परंतु मराठींत लिहिलेलें प्रत्येक पुस्तक जपण्यास योग्य आहे, या विचारावर त्यांनीं संस्था उभी केली. इंग्रजी ग्रंथ हीच ज्या काळीं विद्वत्तेची खूण मानली जाई, त्या काळीं हें धाडसच होतें.

पुढें याच भाव्यांनीं ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १८९८-९९ च्या सुमारास तो प्रथम ‘ग्रंथमाला’ मासिकांत आला आणि १९१९ सालीं विस्तार पावून ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. आधीं ग्रंथ जमवावे, मग त्यांचा इतिहास लिहावा, हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. १८९८ सालीं मुंबईसही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. या एका बाबतींत राजधानीनें ठाण्याच्या मागून पाऊल टाकलें. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हां ठाण्याच्या संस्थेनें सत्तरी ओलांडली होती. २०१० सालीं ठाण्यास आणि २०१७ सालीं डोंबिवलीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनें भरलीं, तीं वाचनाच्या या जुन्या मशागतीवरच.

टाउन हॉलचें सौंदर्य यामुळें उणें होत नाहीं. ती वास्तू डोळे भरून पाहावी. मात्र परतीच्या गाडीनें ठाण्यास उतरल्यावर आपल्या गांवच्या ग्रंथसंग्रहालयांतही डोकवावें. तेथें मान उंच करून पाहण्याजोगे ग्रीक खांब नसतील. परंतु एखादें जीर्ण मराठी पुस्तक हातीं घेतांच मान आदरानें खालीं लवेल.