अविभाज्य घटक व संवृती, बैजिक भूमितीतील

बहुपदी समीकरणांनी निश्चित होणाऱ्या बिंदुसंचाला बैजिक संच म्हणतात. त्याचे जे मोठ्यात मोठे भाग आणखी लहान अशा दोन बैजिक संचांत विभागता येत नाहीत, ते त्याचे अविभाज्य घटक होत. क्ष य = ० हे समीकरण प्रतलातील दोन्ही अक्ष दर्शविते; क्ष = ० व य = ० हे त्याचे दोन घटक आहेत. वर्तुळ मात्र एकच घटक आहे. रने देकार्त यांच्या भूमितीमुळे (१६३७) बहुपदीचे अवयव पाडणे व आकृतीचे भाग पाडणे यांचा संबंध जोडता आला. परंतु अनेक चल व अनेक समीकरणे असता हे विघटन सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

डाव्हीट हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये असे दाखविले की, अशी समीकरणे अनंत असली, तरी त्यांच्या जागी सांत संख्येची समीकरणे घेता येतात. यावर आधारून एमानूएल लास्कर यांनी १९०५ मध्ये विघटनाचा सिद्धांत सिद्ध केला. लास्कर त्या वेळी बुद्धिबळाचे जगज्जेते होते. त्यांच्या सिद्धांतात बिंदूंबरोबर समीकरणांची पुनरुक्तीही टिकून राहते; केवळ बिंदू पाहिल्यास क्ष² = ० व क्ष = ० यांत भेद उरत नाही. एमी नोएथर यांनी १९२१ मध्ये हाच सिद्धांत बहुपदी बाजूला ठेवून केवळ एका सांतता-अटीवर उभा केला आणि लास्कर यांची दीर्घ आकडेमोड अनावश्यक ठरली. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये दोघांनाही जर्मनी सोडावी लागली.

इटालियन भूमितिज्ञ ‘व्यापक बिंदू’ हा शब्द सैलपणे वापरीत. रोममध्ये शिकलेल्या ऑस्कर झारिस्की यांना त्यांच्या सिद्धतांतील उणिवा अस्वस्थ करू लागल्या व ते बीजगणिताकडे वळले. बैजिक संचांनाच संवृत संच मानणारी संस्थिती त्यांच्या नावाने ओळखली जाते. झां-प्येअर सेर यांच्या १९५५ च्या निबंधाने ती सर्वत्र रूढ झाली. तीत एखाद्या संचाच्या अक्षरावर आडवी रेघ दिली की, त्याला सामावणारा लहानात लहान बैजिक संच, म्हणजे त्याची संवृती, असा अर्थ होतो. ही संवृती नेहमीच्या कल्पनेहून बरीच मोठी असू शकते. क्ष-अक्षावरील १, २, ३,... या बिंदूंची संवृती म्हणजे संपूर्ण अक्ष होय. कारण त्या सर्व बिंदूंवर शून्य होणारी बहुपदी अक्षावर सर्वत्र शून्य असते. उलट, दोन अक्षांच्या जोडीतून य-अक्ष वगळल्यास क्ष-अक्ष आरंभबिंदूविना उरतो. त्यावर रेघ दिल्याने आरंभबिंदू परत येतो, य-अक्ष येत नाही. घटक वेगळा काढण्याची ही सोपी रीत आहे. अलेक्सांद्र ग्रोथेंडीक यांच्या १९६० पासूनच्या ग्रंथांत तर व्यापक बिंदू हा खराच बिंदू मानला आहे आणि प्रत्येक घटक अशा एकाच बिंदूची संवृती ठरतो.

तीच रेघ क्षेत्राच्या अक्षरावर असता मात्र अर्थ निराळा होतो, आणि वाचकाची फसगत बहुधा येथेच होते. तेथे ती बैजिक संवृती दर्शविते : ज्यात प्रत्येक बहुपदीला मूळ मिळते असे लहानात लहान विस्तारित क्षेत्र. असे क्षेत्र नेहमी असते, हे अर्न्स्ट श्टाइनित्स यांनी १९१० मध्ये सिद्ध केले. क्ष² − २य² या बहुपदीचे परिमेय संख्यांत अवयव पडत नाहीत. √२ उपलब्ध होताच तिच्या दोन रेषा होतात. म्हणून घटक किती, या प्रश्नाला क्षेत्र कोणते हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

झारिस्की यांचे शिष्य श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी १९५६ मध्ये शून्येतर लक्षणांकाच्या क्षेत्रांवरील पृष्ठांच्या विलक्षण बिंदूंचे निराकरण केले. ग्रोथेंडीक यांच्या अमूर्त परिभाषेपेक्षा शालेय बीजगणितातील प्रत्यक्ष अवयव पाडण्याच्या रीतींवर त्यांचा भर असे. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनी १९७६ मध्ये स्थापन केले.