‘साथ दिली’ या क्रियापदाआड

दुसऱ्या मुलखात बिऱ्हाड हलवताना सोबतच्या जोडीदाराच्या कामाचे काय, हा प्रश्न आपण बहुधा परदेशाशी जोडतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने, दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहणाऱ्या नागरिकाच्या बिगर-युरोपीय पतीला वा पत्नीला तेथे काम करण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला तरी काम मिळतेच असे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासात ही बाजू उलटी दिसते : काम अमाप होते, प्रश्न होता तो श्रेयाचा.

१९७३ मध्ये हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांच्यासह त्या वीज नसलेल्या रानात संसार मांडणाऱ्या डॉ. मंदाकिनी स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत रुजले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निबंधावर पहिले नाव त्यांचे आहे. २००८ चा मॅगसेसे पुरस्कारही आमटे पतिपत्नींना संयुक्तपणे मिळाला.

तरीही आपले चरित्रपर गद्य अशा स्त्रियांसाठी ‘साथ दिली’ एवढेच क्रियापद राखून ठेवते. त्यात निष्ठा दिसते, विद्या झाकली जाते. या जंगलपट्टीचा इतिहास शिकवताना आम्हांला म्हणून आधी क्रियापदे तपासावीशी वाटतात : भूल कोणी दिली, तपासले कोणी, लिहिले कोणी?