सेमिस्टर परीक्षेची तयारी : हिफ्जची पद्धत कॉलेजातही कामी येते

बारावीपर्यंत मुलांना वर्षाअखेरच्या एका मोठ्या परीक्षेची सवय असते. पदवीला मात्र वर्षात दोन सेमिस्टर आणि प्रत्येकात अंतर्गत व अंतिम अशा दोन परीक्षा. अनेक अभ्यासक्रमांत १०० पैकी ३० ते ४० गुण अंतर्गत परीक्षेचेच असतात आणि बऱ्याच ठिकाणी दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागते. "कॉलेजचीच तर टेस्ट आहे" म्हणून ती सोडून दिली, की एटीकेटी ठरलेली.

अभ्यास कसा करायचा, याचा नमुना आपल्याच घरात आहे. हिफ्ज करणारा मुलगा रोज तीन गोष्टी करतो. सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचे पाठ आणि मंजिल म्हणजे जुने पारे. हे सगळे तो न पाहता उस्तादांना ऐकवतो.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात हेच दिसले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. नुसते वाचत राहिले की "येते" असे वाटते, पण पेपरात आठवावे लागते.

कॉलेजसाठी असे करा :

• सबक : आजच्या लेक्चरचे मुद्दे त्याच रात्री पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून काय राहिले ते तपासा.
• सबकी : दर रविवारी आठवडाभराचे विषय भावंडाला किंवा मित्राला समजावून सांगा.
• मंजिल : मागचे युनिट पाळीपाळीने घ्या. शेवटच्या महिन्यात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

एक फरक ध्यानात ठेवा. इथे पाठांतर पुरत नाही. "का" आणि "कसे" लिहिता आले पाहिजे.

उर्दू माध्यमातून आलेल्यांनी उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतात हे सुरुवातीलाच विचारावे आणि सराव त्याच भाषेत करावा. पारिभाषिक शब्दांची वेगळी वही ठेवावी : इंग्रजी शब्द, उर्दू शब्द आणि स्वतःच्या भाषेत अर्थ.

२०२७ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे बऱ्याच कॉलेजांत अंतर्गत परीक्षांच्या आसपास. अवघड विषय सहेरीनंतर, फजर पढून घ्या. तरावीहनंतर जागरण टाळा, दुपारी थोडी झोप काढा.

आई-वडिलांना एवढेच सांगणे : परीक्षेच्या दिवसांत मुलांना रोज दोन तास कुणी हाक मारू नये. आणि इफ्तारीची सगळी कामे परीक्षा असलेल्या मुलीवर टाकू नका. दस्तरखान भावालाही मांडता येते.