प्रिन्स्टन विद्यापीठ : २०२१ मधील पाच नोबेल मानकरी

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंधित पाच व्यक्तींना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार जाहीर झाला. ५ ते ११ ऑक्टोबर या सात दिवसांत ही नावे घोषित झाली. सर्व पुरस्कार इतर मानकऱ्यांसह विभागून देण्यात आले.

भौतिकशास्त्राचे मानकरी, ९० वर्षीय स्युकुरो मनाबे आणि रसायनशास्त्राचे मानकरी डेव्हिड मॅकमिलन हे विद्यापीठातच कार्यरत होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित मनाबे यांनी १९६० च्या दशकात मांडले होते. मॅकमिलन यांनी लहान सेंद्रिय रेणूंचा उत्प्रेरक म्हणून वापर करण्याची पद्धत २००० मध्ये विकसित केली. शांतता पुरस्कार मिळालेल्या फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा या १९८६ च्या पदवीधर. अर्थशास्त्राचे मानकरी डेव्हिड कार्ड व जोशुआ अँग्रिस्ट यांनी अनुक्रमे १९८३ आणि १९८९ मध्ये येथे पीएच.डी. मिळवली.

कार्ड यांनी प्रिन्स्टनमधील सहकारी अ‍ॅलन क्रूगर यांच्यासमवेत न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियातील फास्ट फूड उपाहारगृहांचा अभ्यास केला होता. किमान वेतन वाढविल्याने रोजगार घटतोच असे नाही, हा त्यांचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रूगर यांचे २०१९ मध्ये निधन झाले. नोबेलसाठी मरणोत्तर निवड होत नसल्याने मानकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. पुरस्कारासोबतच्या शास्त्रीय टिपणात मात्र या संयुक्त अभ्यासाची नोंद आहे.