पाणी कुणाच्या मापाने मोजायचे?

तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी प्यावे, प्रकृतीला चांगले असते, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या पाण्यात तांब्याचा अल्पसा अंश उतरतो आणि माणसाला तो सहज सोसतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम तांब्यापर्यंत मोकळीक दिली आहे. आता दुसरा आकडा पाहा. मध्यम जड पाण्याच्या नदीत जलचर जगावेत म्हणून अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात विरघळलेल्या तांब्याची जी तात्पुरती कमाल मर्यादा सांगितली गेली, ती होती १३ मायक्रोग्रॅम. जे पाणी माणसाने निःशंकपणे प्यावे, तेच नदीतल्या जिवांचा घास घेऊ शकते! हा दीडशे पटींचा फरक माणसाला कसा उमगला, याचा इतिहास मला एखाद्या राजघराण्याच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटतो.

तो सुरू होतो वेल्समध्ये. ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावाशी दोन नद्या येऊन मिळतात. एक रायडोल, दुसरी अस्टविथ. दोघींच्याही खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकात शिसे आणि जस्त यांच्या खाणी जोरात चालत. खनिज दळायचे, पाण्याने धुवायचे आणि उरलेला गाळ नदीत सोडून द्यायचा, असा सरधोपट व्यवहार होता. ब्रिटिश पार्लमेंटने १८७६ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला खरा. परंतु नदीत शिसे किती असले म्हणजे फार झाले, हे सांगणारा एकही आकडा त्यात नव्हता. आणि आकडा देणार तरी कोण? माशांना विचारण्याचे तोवर कुणी मनावरच घेतले नव्हते.

ते मनावर घेतले कॅथलीन कार्पेंटर या विदुषीने. ॲबरिस्टविथच्या विद्यापीठीय महाविद्यालयात काम करीत असता पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या बाईंनी नदीतले दगड उलटे करून त्यांखाली कोण राहते याची शिरगणती मांडली. रायडोलच्या खालच्या पात्रात १९२० च्या सुमारास त्यांना प्राण्यांचे अवघे १४ प्रकार सापडले. मासा नाही, गोगलगाय नाही. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी माशांना शिशाच्या क्षारांच्या पाण्यात ठेवून पाहिले आणि १९२७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की धातूमुळे कल्ल्यांवरचा बुळबुळीत स्राव साकळतो, श्वासाची वाट बंद होते आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. आज या कारणमीमांसेत बरीच भर पडली आहे. परंतु विषाचा घाला पोटावर नव्हे, कल्ल्यांवर पडतो, ही त्यांची खूण अचूक होती. माणूस पाणी पितो. मासा त्यातच श्वास घेतो. दीडशे पटींच्या फरकाचे मर्म बव्हंशी इथे आहे.

त्याच गावी जे. आर. एरिकसेन जोन्स यांनी हे काम पुढे चालवले. पाठीवर काटे असलेल्या स्टिकलबॅक नावाच्या बोटभर माशावर प्रयोग करून १९३८ मध्ये त्यांनी दाखवले, की पाण्यात कॅल्शियम मिसळले तर शिसे आणि जस्त यांचा जहरीपणा कमी होतो. आपल्या गृहिणींना जड पाण्याचा राग. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माशाला मात्र तेच पाणी तारक ठरते. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी आधीच जागा धरावी, तसे कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागा अडवून बसते आणि मागून आलेल्या धातूला शिरकाव कठीण होतो. वेल्सच्या डोंगरांतले पाणी पडले मऊ. तिथल्या माशांना हे कवच नव्हते.

खाणी बंद पडल्यावर काय झाले? रायडोल सावरली. १९३० नंतरच्या पाहणीत तिच्यात शंभरावर प्रकारचे जीव आढळले. अस्टविथच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. जोन्स यांनी १९४० मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा खाणी थांबून बरीच वर्षे लोटली होती; तरी काठावरच्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगांतून पावसाबरोबर जस्त पाझरतच होते. काही किड्यांच्या अळ्या तेवढ्या सुखाने नांदत होत्या. मासे आणि शंखशिंपल्यांतले प्राणी नव्हतेच. नफा वाटून घेणारे केव्हाच निघून गेले होते आणि नदी त्यांचे देणे फेडीत बसली होती.

या ज्ञानाला कायद्याच्या भाषेत आणले अमेरिकेने. तिथे १९७२ मध्ये जलशुद्धीचा कायदा झाला आणि १९८५ मध्ये मर्यादा ठरवण्याची रीत पक्की झाली. किमान आठ निरनिराळ्या कुळांतल्या प्राण्यांवर प्रयोग करायचे, त्यांच्या वंशांना नाजूकपणाच्या क्रमाने ओळीने बसवायचे आणि शंभरांतले पंचाण्णव वंश बचावतील असा आकडा काढायचा. हा आकडा निम्मे प्राणी दगावण्याचा. म्हणून त्याला पुन्हा दोनाने भागायचे. तांब्यासाठी पाण्याच्या जडपणाचे गणितही जोडले गेले. लिटरमागे ५० मिलिग्रॅम जडपणा असेल तर मर्यादा ७ मायक्रोग्रॅम, १०० असेल तर १३, २०० असेल तर २६. पुढे कळले, की कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पाण्यात विरघळलेला अंशही तांब्याला धरून ठेवतो. २००७ पासून तांब्याच्या हिशेबात त्यालाही स्थान मिळाले. अशा रीतीने तांब्याची मर्यादा ही एकट्या तांब्याची न राहता त्या त्या पाण्याची झाली.

या रीतीतही एक बोच आहेच. उरलेल्या पाच वंशांचे काय? त्यांत एखादी शिंपली असेल, एखाद्या माशाचे रोजचे अन्न असलेला जीव असेल. कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी जाणतो. पण रेघेपलीकडे कोण राहिले, याची नोंद तरी असावी.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उपयोगानुसार पाण्याचे जे पाच वर्ग पाडले, त्यांतला चौथा वन्य जीव आणि मासे यांच्यासाठी आहे. त्याच्या कसोट्या तीन: आम्लता, विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया. तांबे, जस्त, शिसे यांचा त्यात उल्लेख नाही. आपल्या नद्यांचे पाणी कुठे मऊ, कुठे जड. वेल्सचा किंवा अमेरिकेचा आकडा उचलून इथे चालणार नाही. कार्पेंटरबाईंसारखे कुणीतरी आपल्या नद्यांच्या पात्रांत उतरून, दगड उलटे करून, तिथल्या रहिवाशांची शिरगणती आधी मांडली पाहिजे. ती करायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. गुडघाभर पाणी आणि चिकाटी लागते.