किन्शासाची रात्र आणि भाकितांचा हिशेब

कुस्ती असो वा मुष्टियुद्ध, मोठी जोड ठरली की आखाड्याबाहेर आणखी एक फड रंगतो. कोण जिंकणार, कितव्या फेरीत जिंकणार, कुणाचा दम आधी तुटणार, यावर शहाणी माणसेही तावातावाने बोलू लागतात. लढत जितकी लांबते तितका या बोलण्याला जोर चढतो. मग एका रात्री निकाल लागतो. निकाल इतिहासाच्या पुस्तकात जातो आणि भाकिते रद्दीत. आमचे म्हणणे असे की इतिहासाच्या अभ्यासकाने ही रद्दी जपून ठेवावी. निकालावरून दोन लढवय्यांची ताकद कळते, तर भाकितावरून ते करणाऱ्या समाजाचे मन कळते.

मुहंमद अलीचे नाव आपल्याकडे ज्याला मुष्टियुद्धातले ओ की ठो कळत नाही त्यालाही ठाऊक असते. त्याच्या मोठ्या लढतींआधी जगाने काय भाकिते केली, ती कशाच्या आधाराने केली आणि त्यात कुणावर अन्याय झाला, एवढेच आम्हांला या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात मात्र अलीच्या जन्माआधीच्या एका लढतीपासून करावी लागेल. १९०८ साली सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते पचले नाही. जॅक लंडनसारख्या नामवंत लेखकाने निवृत्त विजेता जिम जेफ्रिज याला परत येण्याचे जाहीर आवाहन केले. जेफ्रिज आपली शेती सांभाळत होता, लढणे सोडून त्याला पाच-सहा वर्षे झाली होती, अंगावर चरबी चढली होती. तरीही ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे लढत उभी राहिली तेव्हा सट्टेबाजांचा कौल जेफ्रिजच्याच बाजूने होता. त्याचे वय, सुटलेले शरीर आणि मोडलेला सराव यांचा हिशेब कुणी धरलाच नाही, कारण हिशेब कातडीच्या रंगाचा होता. पंधराव्या फेरीत जेफ्रिज कोसळला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, त्यात काळी माणसे मारली गेली. पुढे १९१२ साली मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा कायदाच झाला. भाकीत खोटे ठरले म्हणून पूर्वग्रह संपत नाही, उलट अधिक चिडतो, हा या लढतीचा धडा.

चोपन्न वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे सॉनी लिस्टनसमोर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले उभा राहिला. लिस्टनने फ्लॉईड पॅटरसनला दोन वेळा पहिल्याच फेरीत झोपवले होते. क्लेवर सातास एक असा भाव होता. शेहेचाळीस क्रीडा पत्रकारांपैकी त्रेचाळिसांनी लिस्टनला कौल दिला. न्यूयॉर्क टाइम्सने रॉबर्ट लिप्साईट या तरुण वार्ताहराला पाठवले ते अशा सूचनेसह, की लढतीच्या जागेपासून इस्पितळापर्यंतचा रस्ता आधी पाहून ठेव, पोराला तिथे न्यावे लागेल. वजनाच्या वेळी क्लेने इतका गोंधळ घातला की त्याची नाडी मिनिटाला एकशेवीसपर्यंत गेली आणि डॉक्टरांनी तो घाबरल्याचा निष्कर्ष काढला.

क्ले स्वतःही भाकिते करीत असे, तीही यमक जुळवून. गॉर्जस जॉर्ज नावाच्या बडबड्या कुस्तीगिराकडून तो ही युक्ती शिकला होता. फुशारकी मारली की लोक तिकीट काढून येतात, मग ते जिंकताना पाहायला येवोत की हरताना. १९६२ साली आर्ची मूर चौथ्या फेरीत पडेल असे तो म्हणाला आणि मूर चौथ्या फेरीत पडला. १९६३ साली हेन्री कूपरसाठी पाचवी फेरी सांगितली, तीही खरी झाली. मात्र त्याच वर्षी डग जोन्ससाठी सांगितलेली चौथी फेरी उलटून गेली आणि लढत पुरत्या दहा फेऱ्या चालली. क्लेचे भाकीत हा धंद्याचा भाग होता. पत्रकारांनी ती निव्वळ बालिश बडबड मानली आणि त्या बडबडीमागचे चपळ पाय त्यांना दिसले नाहीत. सातव्या फेरीची घंटा वाजली तेव्हा लिस्टन खुर्चीवरून उठलाच नाही.

त्या लढतीआधी क्लेच्या विजयाची खात्री बाळगणाऱ्या मोजक्या लोकांत माल्कम एक्स होता. त्याला ही लढत चंद्रकोर आणि क्रूस यांच्यातली वाटत होती. त्याचे भाकीत खरे ठरले. आपल्या वाचकांना ही गोष्ट सुखावणारी आहे, पण इथे थांबून विचार करायला हवा. १९६४चा विजय श्रद्धेचा मानला तर १९७१चा पराभव कुणाचा मानायचा? लढत ठोशांनी, पायांच्या चपळाईने आणि दमाने ठरते. लिस्टनने या पोरासाठी कसून तयारी केली नव्हती आणि क्ले त्याच्या हाती लागला नाही, हे निकालाचे साधे कारण होते. दीनची इज्जत मुष्टियुद्धाच्या निकालाला बांधणे हे दीनवरही अन्याय करणारे आहे.

मग अलीच्या श्रद्धेची कसोटी कुठे लागली? मार्च १९६४मध्ये त्याने मुहंमद अली हे नाव स्वीकारले, तेव्हा तो नेशन ऑफ इस्लाम या संघटनेत होता. वंशभेदाच्या पलीकडच्या सुन्नी इस्लामकडे तो वळला तो १९७५ नंतर. नाव बदलले तरी अनेक अमेरिकन वृत्तपत्रे कित्येक वर्षे त्याला क्लेच म्हणत राहिली. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या लष्कर भरती केंद्रात त्याचे नाव पुकारले गेले आणि तो पुढे सरकला नाही. व्हिएतनामच्या युद्धाला त्याने नकार दिला. विजेतेपद गेले, परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगात गेला नाही, पण उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. जून १९७१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. आमच्या मते अली मोठा ठरतो तो त्या नकारामुळे. त्यानंतर तो जिंकला नसता तरी तो तेवढाच मोठा राहिला असता.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि जो फ्रेझर समोरासमोर आले. दोघेही अपराजित, दोघांनाही पंचवीस लाख डॉलर. साऱ्या देशाने आपापला पैलवान निवडला. युद्धविरोधी तरुण, काळी वस्ती अलीच्या बाजूला. युद्धसमर्थक फ्रेझरच्या बाजूला. भाकीत विचारले की माणूस आपले राजकारण सांगायचा. या वाटणीत फ्रेझरवर मोठा अन्याय झाला. तो दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतकरी कुटुंबातला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबलेला माणूस. अलीच्या बंदीच्या काळात त्याने अलीला पैशाची मदत केली होती, त्याला परवाना मिळावा म्हणून शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीने गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून हिणवले. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या ठोशाने अली आडवा झाला, उठला, पण हरला. १९७५ साली मनिलाच्या लढतीआधी अलीने फ्रेझरला गोरिला म्हटले. काळ्या माणसाने काळ्या माणसाला दिलेली ही शिवी होती. तिची जखम फ्रेझरने आयुष्यभर बाळगली. अलीने २००१ साली जाहीर माफी मागितली. २०११ साली फ्रेझरच्या दफनाच्या वेळी आजारी अली हजर होता. अलीवर प्रेम करणाऱ्यांनी या हकिकतीवर पांघरूण घालू नये, कारण इन्साफ आपल्या माणसापासून सुरू होतो.

आता किन्शासा. १९७४ साली झाईरमध्ये जॉर्ज फोरमन विरुद्ध अली अशी लढत ठरली. कागदावरचे गणित सरळ होते. फ्रेझरने अलीला हरवले होते. फोरमनने फ्रेझरला जानेवारी १९७३मध्ये किंग्स्टन येथे दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. केन नॉर्टनने १९७३ साली अलीचा जबडा मोडला होता. फोरमनने मार्च १९७४मध्ये नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवले. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीस लढतींत चाळीस विजय, त्यांतले सदतीस नॉकआऊट. अली बत्तीस वर्षांचा. अली जिंकेल का, यापेक्षा तो जिवंत परतेल का, याचीच काळजी त्याच्या गोटात होती.

लढत २५ सप्टेंबरला व्हायची होती. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि ती पाच आठवडे पुढे गेली. या काळात फोरमनचा सराव खंडित झाला, तर अली काँगो नदीकाठी धावत, लोकांत मिसळत राहिला. फोरमन आपल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यासह उतरला होता. बेल्जियन राजवटीत पोलिसांच्या कुत्र्यांची दहशत सोसलेल्या लोकांना ते दृश्य रुचले नाही. त्याला याची कल्पना नव्हती. तोही ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतून आलेला काळा मुलगाच होता, पण पाहता पाहता तो परका झाला आणि अली घरचा.

३० ऑक्टोबर १९७४, पहाटेचे चार. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी ही वेळ ठरली होती. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि हातांआड चेहरा झाकून मार खाऊ लागला. त्याच्याच कोपऱ्यातली माणसे, तिथून बाहेर ये, म्हणून ओरडत होती. फोरमन ठोशामागून ठोसे मारीत होता. ते दंडांवर, कोपरांवर, बरगड्यांवर पडत होते. हवा दमट, दोर सैल. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात जड झाले. आठव्या फेरीच्या अखेरीस अली दोरांवरून सुटला, झपाट्याने काही ठोसे मारले आणि फोरमन गिरकी घेऊन खाली पडला.

गणित कुठे चुकले? आमच्या मते आकडे खरे होते, पण एकाच बाजूने वाचले गेले. किन्शासापूर्वीच्या सलग आठ लढती फोरमनने दोन फेऱ्यांच्या आत संपवल्या होत्या. सगळ्यांनी त्यातून त्याची ताकद वाचली. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की तिसऱ्या, पाचव्या, आठव्या फेरीत हा माणूस काय करतो, हे बऱ्याच काळात कुणी पाहिलेच नव्हते. ज्याला नेहमी झटपट यश मिळते त्याच्या दमाची परीक्षा झालेली नसते. अलीची मात्र झाली होती. फ्रेझरसमोर पंधरा फेऱ्या, मोडलेला जबडा घेऊन नॉर्टनसमोर बारा फेऱ्या, हे त्याचे पराभव होते आणि जाणकारांनी ते उणे धरले. खरे तर मार सोसूनही उभे राहता येते, याचा तो पुरावा होता.

विजयाच्या जल्लोषात आणखी एक हिशेब हरवला. दोघांना मिळून एक कोटी डॉलर देणारा यजमान मोबुटू हुकूमशहा होता. या झगमगाटाचा खर्च गरीब देशाच्या तिजोरीतून झाला. मोबुटूची सत्ता १९९७पर्यंत टिकली. अलीचा जयघोष करणाऱ्या त्या जनतेच्या नशिबी काय येणार, याचे भाकीत एकाही क्रीडा पत्रकाराने केले नव्हते.

किन्शासाने चाहत्यांना एक घातक सवय लावली. अली काहीही करू शकतो, असे ते मानू लागले. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उतरला. हा होम्स एके काळी त्याच्याच सरावातला जोडीदार होता. लढतीआधी मायो क्लिनिकच्या तपासणीत अलीच्या बोलण्यात आणि हालचालीत किंचित दोष आढळला होता. तरी परवाना मिळाला, तिकिटे खपली, आणि तो पुन्हा जिंकेल असे छातीठोक सांगणारे हजारो निघाले. दहाव्या फेरीनंतर त्याचा गुरू अँजेलो डंडीने लढत थांबवली. १९८४ साली त्याला कंपवाताचे निदान झाले. १९१० साली द्वेषाने डोळे झाकले होते, १९८० साली प्रेमाने. जॉन्सनबद्दलचे भाकीत द्वेषाने चुकवले तेव्हा निरपराध मेले, अलीबद्दलचे प्रेमाने चुकवले तेव्हा एका चांगल्या माणसाच्या शरीराची आणखी नासाडी झाली.

आणि फोरमन? ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, जाड झालेला फोरमन अपराजित मायकेल मूररसमोर उभा राहिला. अंगावर किन्शासातलीच लाल चड्डी होती. वयाचा हिशेब आता त्याच्याविरुद्ध होता. नऊ फेऱ्या तो मागे होता, मार खात होता. दहाव्या फेरीत त्याने मूररला खाली पाडले आणि वीस वर्षांपूर्वी हरवलेले पद परत मिळवले. मार सोसून वाट पाहायची विद्या तो किन्शासात शिकला असावा, असे आम्हांला वाटते.

गैबचे ज्ञान अल्लाहपाशीच, असे आपले वडीलधारे म्हणत आले. याचा अर्थ माणसाने अंदाज बांधूच नये असा नाही. अंदाजाशिवाय संसारही चालत नाही. अर्थ इतकाच, की अंदाज बांधताना आपला हात कशाने थरथरतो आहे, द्वेषाने, लोभाने की मायेने, हे आधी तपासावे. आजही माणसांबद्दल, जमातींबद्दल, आपल्या मुलांबद्दल भाकिते चालूच असतात. कुणी त्यांच्या आडनावावरून करतो, कुणी मोहल्ल्यावरून. तेव्हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला आपण शिकले पाहिजे, मग तो आकडा आपल्याविरुद्ध असो की आपल्या बाजूचा.

मार्च १९९७मध्ये किन्शासाच्या लढतीवरील माहितीपटाला ऑस्कर मिळाले. मंचावर जाताना कंप सुटलेल्या अलीला पायऱ्या चढायला हात दिला तो जॉर्ज फोरमनने. फ्रेझर २०११ साली गेला, अली २०१६ साली, फोरमन मार्च २०२५मध्ये. १९७४च्या त्या पहाटे या दोघांच्या पुढच्या आयुष्याबद्दल कुणाला विचारले असते, तर अशा शेवटावर पैज लावणारा माणूस झाईरमध्येच काय, साऱ्या दुनियेत मिळाला नसता.