केल्व्हिनची न सुटणारी गाठ

जानेवारी १८६७. एडिनबरामध्ये प्राध्यापक पीटर टेट आपल्या मित्राला, म्हणजे विल्यम थॉमसनला (हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला), एक गंमत दाखवत होता. पेटीत धूर, पुढे गोल भोक, मागे ताणलेलं कापड. कापडावर थाप मारली की भोकातून धुराचं कडं बाहेर. दोन कडी एकमेकांवर आदळली की रबरासारखी थरथरायची, पण तुटायची नाहीत.

थॉमसनला त्यात अणू दिसला! हेल्महोल्ट्झने १८५८ मध्येच गणिताने दाखवलं होतं की घर्षण अजिबात नसलेल्या द्रवात भोवऱ्याची रेषा तुटत नाही, आणि एक रेषा दुसरीतून आरपारही जात नाही. म्हणजे तिला गाठ असली तर ती कायमची. (ही बुटाच्या नाडीची गाठ नव्हे. दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली दोरी डोळ्यांपुढे आणा; ती कापल्याशिवाय सुटत नाही.) थॉमसन म्हणाला, सगळीकडे भरलेला ईथर हाच तो द्रव, आणि वेगवेगळी मूलद्रव्यं म्हणजे त्यातले वेगवेगळ्या गाठींचे भोवरे. अणू झिजत का नाहीत, याचं उत्तर फुकटात मिळालं.

मग टेटने गाठींची यादीच करायला घेतली. पुढे ईथर गेला, भोवऱ्यांचे अणूही गेले. यादी मात्र राहिली आणि तिच्यातून गणिताची एक शाखा वाढली.

गंमत म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव खरंच सापडला: २.१७ केल्व्हिनच्या खाली थंड केलेलं हीलियम. (हो, एककालाही त्याचंच नाव.) १९४९ मध्ये ऑनसागरने सुचवलं की यातल्या भोवऱ्याचं अभिसरण ठरावीक पुड्यांतच मिळतं, प्लांकचा स्थिरांक भागिले हीलियम अणूचं वस्तुमान, ही एक पुडी. अर्धी पुडी नाही. त्यामुळे भोवरा हळूहळू विरू शकत नाही. केल्व्हिनची गाठ टिकायची तर इथेच टिकायला हवी, नाही का?

नाही टिकत. जवळ आलेल्या दोन रेषा तुटून टोकांची अदलाबदल करतील, असं फाइनमनने १९५५ मध्येच मांडलं होतं. २००८ मध्ये मेरीलँडच्या प्रयोगात गोठलेल्या हायड्रोजनचे कण भोवऱ्यांना चिकटवून ही अदलाबदल टिपली गेली. त्या गटात आपले के. आर. श्रीनिवासनही होते. मेख भोवऱ्याच्या गाभ्यात आहे. हेल्महोल्ट्झचा द्रव सगळीकडे सलग. क्वांटम भोवऱ्याच्या मध्यरेषेवर मात्र द्रवाची घनता शून्य. जिथे द्रवच नाही तिथे त्याचा नियम कुठून लागणार? रेषा तिथेच कापल्या जातात आणि नव्याने जोडल्या जातात.

२०१६ मध्ये क्लेकनर, कॉफमन आणि अर्व्हाइन यांनी अतिप्रवाही द्रवाच्या संगणकी प्रारूपात ३२२ गाठी आणि साखळ्या सोडून पाहिल्या. सगळ्या सुटल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसंच काहीसं झालं: गाठीतला पीळ पुरता नाहीसा न होता त्याचा काही भाग सुटलेल्या कड्यांच्या वेटोळ्यांत उरला. हेल्महोल्ट्झच्या आदर्श द्रवात तो सगळाच्या सगळा टिकला असता.